लोखंड खाणारा उंदीर

पंचतंत्रातील लोखंडी तराजूची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. दैवाने गरिबी आलेला एक वैश्यपुत्र परदेशी जायला निघतो आणि वाडवडिलांपासून चालत आलेला हजार पळे वजनाचा लोखंडी तराजू एका सावकाराकडे ठेव म्हणून ठेवून जातो. पुष्कळ दिवसांनी परतल्यावर तो आपली ठेव मागतो. सावकार निर्विकार चेहऱ्याने सांगतो, की तराजू उंदरांनी खाल्ला. वैश्यपुत्र वाद घालत नाही. नदीवर स्नानाला जाताना तो सावकाराच्या मुलाला सोबत नेतो, त्याला एका गुहेत दडवून ठेवतो आणि एकटाच परत येऊन सांगतो, की मुलाला ससाण्याने उचलून नेले. प्रकरण न्यायसभेपुढे जाते. दोन अशक्य गोष्टी समोरासमोर उभ्या राहतात, खरे काय ते बाहेर पडते आणि सभा हसू लागते.

लहानपणी आम्हीही त्या सभेबरोबर हसलो. उंदीर लोखंड खात नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. वयाची पन्नाशी उलटल्यावर मात्र मला खरोखर लोखंड खाणारा उंदीर भेटला. तो संगणकाच्या पडद्यावर भेटला हे खरे. पण त्याने मला जे शिकवले ते पडद्यापुरते राहिले नाही. त्याची हकीकत सांगावी म्हणून हा लेख लिहायला घेतला आहे. ती सांगताना सावकाराचीही हकीकत सांगावी लागेल. तो सावकार कोण, हे कळायला मला बराच उशीर झाला.

2006 साली माझा भाचा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकत होता. दिवाळीच्या सुट्टीत तो आठ दिवस आमच्याकडे राहायला आला. मी नुकताच स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसलो होतो आणि संध्याकाळचे काय करावे हा प्रश्न मला छळत होता. "मामा, तुम्हांला पुस्तके आवडतात ना? मग एक खेळ दाखवतो. त्यात चित्रे नाहीत, नुसती अक्षरे आहेत," असे म्हणून त्याने माझ्या संगणकावर 'नेटहॅक' नावाचा खेळ बसवून दिला.

या खेळाची वंशावळ जुनी आहे. 1980 च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा खेळ रचला. पुढे केन अर्नोल्ड त्यांना येऊन मिळाला. एका अंधाऱ्या तळघरात खेळाडूने एकेक पातळी खाली उतरत जायचे, वाटेतल्या राक्षसांशी लढायचे, सर्वांत खोल जागी दडवलेला ताईत हस्तगत करायचा आणि तो घेऊन वर यायचे. प्रत्येक वेळी तळघराची रचना नवी. मेलात तर मेलात. मागचे पाऊल पुन्हा घेता येत नाही. 'रोग'च्या अनुकरणातून 'हॅक' आला आणि 'हॅक'मधून 1987 साली 'नेटहॅक'. जगभर विखुरलेल्या हौशी मंडळींनी संगणकाच्या जाळ्यावरून एकमेकांशी बोलत तो घडवला, म्हणून नावात 'नेट'. तो कोणी विकत नाही. ज्याला हवा त्याने घ्यावा.

या तळघरात तुम्ही म्हणजे एक 'ॲट'चे चिन्ह. तुमचे कुत्रे किंवा मांजर म्हणजे एक अक्षर, आणि प्रत्येक राक्षसकुळालाही एकेक अक्षर. चोरांची तर तेथे रेलचेल आहे. वनातली अप्सरा येते, मोहिनी घालते, तुमच्या जवळची एखादी वस्तू काढून घेते आणि अंतर्धान पावते. आयर्लंडच्या लोककथांतला लेप्रिकॉन नावाचा बुटका सोन्याची नाणी लांबवून पळ काढतो. माकड हातातले हिसकावते. या सगळ्यांच्या चोरीत एक झगमग आहे, चलाखी आहे. ज्याच्याविषयी मी लिहीत आहे त्याच्याजवळ यांतले काहीही नाही.

त्याचे नाव रॉक मोल. छोट्या लिपीतला राखाडी 'आर' हे त्याचे पडद्यावरचे रूप. ते अक्षर उंदीरकुळाचे. निसर्गातला खरा मोल उंदरांच्या कुळातला मुळीच नव्हे. तो चिचुंद्रीच्या बाजूचा, जमिनीत बोगदे करून गांडुळे खाणारा प्राणी आहे. आपल्या महाराष्ट्रात तो आढळत नाही. तो गांडुळांना चावून लुळे करतो आणि जिवंतपणीच बिळात साठवून ठेवतो, म्हणजे साठेबाजी त्याच्या रक्तातच आहे. खेळ रचणाऱ्यांनी त्याला उंदरांत बसवले, मातीऐवजी खडक खणायला लावले आणि गांडुळांऐवजी धातू खायला दिला. लोखंड, तांबे, चांदी, सोने, काहीही त्याला वर्ज्य नाही. रत्ने दिसली तर तो उचलून जवळ बाळगतो. त्याला मारले तर ती परत मिळतात. पोटात गेलेला धातू मात्र गेला तो गेला.

हा प्राणी अतिशय मंद आहे. माणसाने चार पावले टाकावीत तेव्हा त्याचे एक पडते. त्याचा चावाही फारसा जिव्हारी लागत नाही. भिंतीपाशी तो थांबत नाही. ती पोखरून पलीकडे जातो. आपल्याकडे डोंगर पोखरून उंदीर काढण्याची म्हण आहे. येथे उंदीरच डोंगर पोखरत येतो, आणि त्याच्या मागे कोणी काही काढायला उरत नाही.

त्या दिवाळीत मी खेळात बराच पुढे गेलो होतो. सहाव्या की सातव्या पातळीवर एका खोलीत मी माझी संपत्ती रचून ठेवली होती. या खेळात वजनाला महत्त्व आहे. फार उचलले तर माणूस भाराने वाकतो आणि त्याची चाल मंदावते. म्हणून आज नको असलेले सर्व मी त्या खोलीत जमिनीवर ठेवत गेलो. खंजिरांची एक जुडी, लोखंडी शिरस्त्राणे, काही शे सुवर्णनाणी आणि एक चांदीची तलवार. ती तलवार मोठ्या भाग्याने मिळाली होती. खालच्या पातळ्यांवर सैतानी शक्तींशी गाठ पडते, त्यांना चांदीचा वार सहन होत नाही, असे भाच्याने सांगितले होते. म्हणून खऱ्या युद्धासाठी मी ती राखून ठेवली आणि हातात साधी तलवार घेऊन हिंडत राहिलो.

त्याच पातळीच्या दुसऱ्या टोकाला एक वेदी होती. वेदीवर वस्तू ठेवली की ती आशीर्वादित आहे की शापित हे कळते. काही नव्या वस्तू घेऊन मी तेथे गेलो, त्यांची पारख केली आणि जखमा भरून याव्यात म्हणून बराच वेळ तेथेच विसावलो. मध्येच पडद्याच्या माथ्यावर एक ओळ उमटली. कोठेतरी खडक कोसळल्याचा आवाज आला होता. मी दुर्लक्ष केले. थोड्या वेळाने दुसरी ओळ आली. कोणीतरी काहीतरी करकर चावत असल्याचा आवाज. मग पुन्हा तीच ओळ. पुन्हा तीच. मला वाटले, असेल कोणाचे काही. एवढ्या मोठ्या तळघरात कोणी तरी काही तरी खातच असणार.

परत आलो तेव्हा खोलीच्या भिंतीला एक वाट पडली होती. जमिनीवर मंत्रांच्या गुंडाळ्या जशाच्या तशा होत्या, कारण कागद त्याला चालत नाही. एक लाकडी पेटी होती. आणि त्यांच्यामध्ये तो राखाडी 'आर' संथपणे उभा होता. खंजीर नव्हते, शिरस्त्राणे नव्हती, नाणी नव्हती, तलवार नव्हती. मी त्याला दोन घावांत मारले. त्याच्याजवळ दोन खडे निघाले, बाकी काही नाही.

मी जवळजवळ ओरडलोच. भाचा स्वयंपाकघरातून धावत आला, पडदा पाहिला आणि हसत सुटला. "मामा, सगळे त्या पेटीत ठेवायचे होते. लाकूड तो खात नाही." मी चोराला शिव्या देत होतो. तो म्हणाला, "पण याला चोर कसे म्हणायचे? अंगावरच्या, हातातल्या वस्तूला तो तोंड लावत नाही. जमिनीवर पडलेले तेवढेच खातो. तलवार तुम्ही हातात घेतली असती, तर ती त्याला कधीच मिळाली नसती."

बोलणे त्याच्या वयाला शोभेल असेच सहज होते. माझ्या मनात मात्र ते रुतून बसले.

राखेच्या बुधवारी आपण संत मत्तयच्या शुभवर्तमानातील सहावा अध्याय ऐकतो. दान, प्रार्थना आणि उपवास यांविषयीचा तो भाग अठराव्या ओवीपाशी थांबतो. त्याच्या पुढचीच ओवी पृथ्वीवर साठवलेल्या संपत्तीविषयी आहे. ती सामान्य काळाच्या अकराव्या आठवड्यातल्या शुक्रवारी वाचली जाते, बहुधा जूनमध्ये, आपल्याकडे पाऊस नुकताच लागलेला असतो तेव्हा. प्रभू येशूने तेथे संपत्तीचे तीन शत्रू सांगितले आहेत. पहिला कसर. दुसऱ्याला आपल्या मराठी बायबलमध्ये जंग म्हटले आहे, आणि संत जेरोमच्या लॅटिन भाषांतरातही गंज असाच शब्द आहे. परंतु मूळ ग्रीक शब्द आहे 'ब्रोसिस', आणि त्याचा साधा अर्थ 'खाणे' किंवा 'खाऊन टाकणे'. म्हणून काही अभ्यासक आणि काही आधुनिक इंग्रजी भाषांतरे तेथे गंजाऐवजी कोठारातली कीड, उंदीर-घुशी असे उपद्रवी जीव घेतात. मराठी माणसाला दोन्ही अर्थ एका दमात कळतात, कारण आपल्या बोलण्यात गंजसुद्धा लोखंडाला खातो.

तिसरा शत्रू चोर. त्याच्यासाठी वापरलेले ग्रीक क्रियापद 'खणून आरपार जाणे' या अर्थाचे आहे. पॅलेस्टाईनमधली सामान्य माणसाची घरे मातीच्या विटांची असत. चोराला दार फोडण्यापेक्षा भिंत खणणे सोपे जाई. आपल्याकडेही घूस घराचा पाया पोखरते आणि चोर घरफोडी करतो. दोघांची रीत एकच.

खाणारा, खणणारा आणि चोर. शुभवर्तमानाने वेगवेगळे सांगितलेले शत्रू त्या राखाडी अक्षरात एकत्र येऊन बसले होते. खेळ रचणाऱ्यांच्या मनात हे वचन होते असे मी म्हणणार नाही. पण माझ्या मनात ते आले आणि त्याचा मला आनंद झाला. लेखकाला नवा दृष्टान्त सापडला की होतो तसा आनंद.

पुढच्या उपवासकाळात आमच्या वाडीतल्या प्रार्थनागटात मी या विषयावर बोललो. संत ॲम्ब्रोजचे उदाहरण दिले. चौथ्या शतकात युद्धकैद्यांना सोडवण्यासाठी मिलानच्या या महागुरूने चर्चची पवित्र पात्रे वितळवली, आणि त्यावर टीका झाली तेव्हा त्यांनी सांगितले, की चर्चजवळ सोने असते ते राखण्यासाठी नव्हे, गरजवंतांवर खर्च करण्यासाठी. रॉक मोलची गोष्ट सांगितली तेव्हा तरुण मंडळी हसली, वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. जे वापरात आहे त्याला कोणी खात नाही; जे नुसते साठवले आहे त्याच्याकडे कोणीतरी भिंत पोखरत येतच असतो, असा समारोप मी केला. माझी धाकटी बहीण पहिल्या रांगेत बसली होती. घरी जाताना ती म्हणाली, "चांगले बोललास, दादा."

त्या वेळी आईची वही आमच्या घराच्या माळ्यावर होती.

आता त्या वहीविषयी. माझी आई चौथीपर्यंत शिकलेली होती. वसईच्या आमच्या सामवेदी बोलीतली लग्नातली गाणी तिला तोंडपाठ होती. मांडव घालताना, विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणताना, नवरीची पाठवणी करताना बायका जी गाणी म्हणतात ती. उतारवयात तिने ती एका जाड वहीत पेन्सिलीने लिहून काढली. एकशे दहा गाणी. शुद्धलेखन तिचे स्वतःचे होते, आणि काही ठिकाणी समासात 'हे माझ्या मावशीचे' किंवा 'हे रडताना म्हणायचे' अशा नोंदी होत्या. 1998 साली ती देवाघरी गेली. त्याआधी काही दिवस तिने वही माझ्या हाती दिली आणि म्हणाली, "तुझ्याजवळ असू दे. दोघांची आहे."

मी ती वाचली, भारावलो आणि ठरवले, की यावर नीट काम करायचे. शब्दार्थ, टिपा, प्रस्तावना लिहून चांगले पुस्तक काढायचे. तोवर वहीला काही होऊ नये म्हणून आजोबांच्या सागवानी पेटीत कापडात गुंडाळून ठेवली, पेटीला लोखंडी कुलूप घातले आणि पेटी माळ्यावर चढवली.

2009 साली भाचीचे लग्न ठरले. बहीण आली आणि म्हणाली, "दादा, आईची वही आठ दिवस दे. मी आणि वाडीतल्या बायका म्हणून पाहू. पुष्कळशी गाणी अर्धी आठवतात." मी तिला वही दिली नाही. आज ते लिहिताना हात थांबतो, पण मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवते. "लग्नघरात हळदीचे, तेलाचे हात लागतील. झेरॉक्सला टाकलीस तर शिवण उसवेल. मी पुस्तक काढणारच आहे. मग सगळ्यांना एकेक प्रत मिळेल." तिने पुन्हा मागितली नाही. लग्नात तिला येत होती तेवढी गाणी तिने म्हटली. मांडवात बसून ती ऐकताना माझे डोळे भरून आले, आणि हे सर्व ग्रंथबद्ध झालेच पाहिजे, असा माझा निश्चय अधिकच दृढ झाला.

त्यानंतर कधीतरी पत्नी म्हणू लागली, की रात्री माळ्यावर खुडबुड ऐकू येते. मी म्हणालो, मांजर असेल. पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा म्हणाली. मी म्हणालो, कौलांवर फांदी घासत असेल. पडद्यावरच्या आवाजाकडे दुर्लक्ष करून जो एकदा हातातले सर्वस्व गमावून बसला होता, आणि त्यावर ज्याने प्रवचन केले होते, तोच मी.

2013 च्या मे महिन्यात कौले उतरवून वासे बदलायचे ठरले, म्हणून पेटी खाली आणली. कुलूप जसेच्या तसे होते. पेटीच्या मागच्या कोपऱ्याला, फळी जेथे फळीला मिळते तेथे, लिंबाएवढे भोक होते. आत कागदाच्या कपच्यांचे मऊ, उबदार अंथरूण होते. त्यात उंदरांची पिल्ले वाढून केव्हाच निघून गेली होती. पुठ्ठ्याजवळची सात पाने अर्धीमुर्धी वाचली होती. एका तुकड्यावर आईच्या अक्षरात 'रडताना' एवढाच शब्द होता.

खेळातल्या उंदराने लोखंड खाल्ले आणि कागद सोडला. आमच्या घरच्या उंदराने कागद खाल्ला आणि लोखंडी कुलूप सोडले. खेळात लाकडी पेटी सुरक्षित होती. येथे सागवानही टिकले नाही. एवढा फरक सोडला तर सारे तेच होते.

संध्याकाळी मी बहिणीकडे गेलो. ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी म्हणालो, "आईची वही उंदरांनी खाल्ली." हे वाक्य तोंडातून बाहेर पडले आणि तेच कानांवर आले तेव्हा मी दचकलो. हे मी कोठे ऐकले होते? पन्नास वर्षांपूर्वी ज्या सावकाराला आम्ही हसलो, त्याचे हे वाक्य होते. त्याचे खोटे होते आणि माझे खरे होते, एवढे म्हणून मी स्वतःला सोडवू पाहिले. पण सुटका होत नव्हती. ठेव दुसऱ्याची होती. तिने मागितली तेव्हा मी दिली नाही. आणि आता उंदराचे नाव सांगत होतो.

बहिणीच्या हातातले सूप थांबले. थोड्या वेळाने तिने विचारले, "कधी?"

"ठाऊक नाही."

"म्हणजे पोरीच्या लग्नाच्या वेळी होती की नव्हती, तेही ठाऊक नाही?"

मी गप्प राहिलो. वही पेटीत ठेवल्यापासून पंधरा वर्षांत ती मी एकदाही उघडून पाहिली नव्हती. भाचीच्या लग्नात मी जी राखली म्हणून तिला नाही म्हणालो, ती कदाचित तेव्हाच नव्हती. तिने आणखी काही विचारले नाही. उठून चहा ठेवला.

शूद्रकाच्या मृच्छकटिकातही एक ठेव चोरीला जाते. वसंतसेनेने चारुदत्ताकडे विश्वासाने ठेवलेले दागिने शर्विलक भिंतीला भोक पाडून नेतो. चोरी खरी असते, भिंतीतले भोक सर्वांना दिसत असते. तरीही चारुदत्त चोराकडे बोट दाखवत नाही. ठेव मी जुगारात गमावली असा निरोप तो पाठवतो आणि भरपाई म्हणून आपल्या पत्नीची रत्नमाला देऊ करतो. निरोप खोटा असला तरी ठेवीची जबाबदारी त्याने आपल्या शिरावर घेतली. शाळेत असताना हा भाग मला नाटकी वाटला होता. बहिणीच्या ओट्यावर बसून चहा पिताना तो मला कळला. लोखंड उंदराने खाल्ले म्हणणारा सावकार आणि ठेव मी गमावली म्हणणारा चारुदत्त, या दोघांमध्ये मला जागा निवडायची होती. मी म्हणालो, "वही मी घालवली. तू मागितलीस तेव्हा द्यायला हवी होती. तुझीही होती." ती म्हणाली, "चहा निवतो आहे."

त्या पावसाळ्यात दर रविवारी मिस्सा झाल्यावर मी तिच्याकडे जात असे. ती गात असे आणि मी लिहून घेत असे. सुरुवातीला मी शुद्ध-अशुद्धाची चौकशी करत राहिलो. तिने मला गप्प केले. कांदा चिरताना, पोतेरे करताना तिला एकेक कडवे आठवे. मग ती मला फोन करी. तिच्या कंठात सदतीस गाणी निघाली. तिने लग्नातून, बारशातून, दुसऱ्यांच्या मांडवांतून म्हणत ठेवलेली. वाचलेल्या सात पानांवरच्या तुटक ओळींवरून शेजारच्या म्हाताऱ्यांनी आणखी चार पुरी केली. एकेचाळीस. बाकीची एकोणसत्तर गेली. जी गायली जात होती त्यांना उंदीर लागला नाही.

नेटहॅकमध्ये आणखी एक विलक्षण सोय आहे. खेळाडू मेला, की कधी कधी त्याची ती पातळी जशीच्या तशी राखली जाते, आणि पुढे एखाद्या खेळात त्याचे भूत आणि त्याने मागे ठेवलेला पसारा समोर येतो. आयते धन मिळाले म्हणून हर्ष होतो. परंतु मेलेल्याच्या अंगावरच्या वस्तू पाचांत चार वेळा शापित झालेल्या असतात. तलवार हातात घ्यावी तर ती हाताला चिकटून बसते. मी मागे काय ठेवून जाणार, हा विचार मला या वयात अनेकदा येतो, आणि तो आला की ती पातळी आठवते. मेल्यावर वाटावे म्हणून जे अडवून ठेवले, ते घेणाऱ्याच्या हाती कोणत्या रूपात जाईल?

पुस्तक मी काढले नाही. एकेचाळीस गाणी मोठ्या अक्षरांत उतरवली, साध्या झेरॉक्स प्रती काढल्या आणि वाडीतल्या बायकांना वाटल्या. त्यांतल्या किती तरी आता फाटल्या आहेत, हळदीने पिवळ्या झाल्या आहेत, एका प्रतीवर तर कोणीतरी दुकानाचा हिशेब मांडला आहे. पाने कमी पडली की मी नव्या काढून देतो. भाचा आता परदेशी नोकरीला आहे. मधूनमधून विचारतो, "मामा, खेळता की नाही?" खेळतो. ताईत अजून मिळालेला नाही. चांदीची तलवार पुन्हा एकदा मिळाली, तेव्हा ती लगेच हातात घेतली. दोन पातळ्या खाली गेलो आणि मेलो.

गेल्या हिवाळ्यात वाडीत एका लग्नाला गेलो होतो. विहिरीवरून पाणी आणताना बायका गात होत्या, बहीण पुढे होती, पोरींच्या हातांत ते पिवळे कागद होते. एका गाण्याचे तिसरे कडवे कोणालाच येत नाही. आईच्या वहीत ते होते, एवढेच बहिणीला आठवते. तेथे आल्यावर त्या थांबत नाहीत. दुसरे कडवे पुन्हा एकदा म्हणतात आणि चौथ्यावर जातात. नव्या पोरींना वाटते, की गाणे तसेच आहे.